हौद्याभोवतीची माणसे

मागच्या चैत्रातली गोष्ट. वार्षिक परीक्षा नुकत्याच आटोपल्या होत्या आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन मी ओसरीवर बसलो होतो. तेवढ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील आले. गृहस्थ जालन्यात सळईच्या कारखान्यात भट्टीवर काम करतात. बोलणे अगदी मोजके. चहा झाला, उन्हाच्या आणि पाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मग त्यांनी खरा विषय काढला. मुलगा तालमीत रमला होता. त्याला कोल्हापूरला धाडावा, असे वस्तादांचे म्हणणे. राहणे, दूध, तूप, बदाम, सगळ्यांचा हिशेब त्यांनी एका कागदावर मांडून आणला होता. तो कागद त्यांनी मला दाखवला आणि पुन्हा घडी घालून खिशात ठेवला.

"मास्तर, खर्चाचं मी बघतो," ते म्हणाले. "जादा पाळ्या करीन. मला एवढंच सांगा, दहा वर्षांनी ह्या खेळाला बघायला माणूस राहील का? बघणाराच नसला तर पोरगं लढंल कुणापुढं?"

मी शाळेत इतिहास शिकवतो. लढाया आणि तह यांच्या सनावळ्या मला झोपेतही सांगता येतात. परंतु या साध्या प्रश्नापुढे मी निरुत्तर झालो. "पाऊसकाळ सरू द्या, दिवाळीला सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पुढे हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. मिळेल ते वाचले, आठवेल ते आठवले, जुन्या माणसांना छेडले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. फराळाच्या ताटाशेजारी बसून कुस्तीचा विचार करायला हरकत नसावी. कारण आपल्याकडे पहिलवान आणि खुराक यांची ताटातूट कधी झालेलीच नाही.

कुस्तीला माणसे जमत, ती पूर्वी कशी जमत, हे आधी पाहू. सांगणारे बहुधा राजाश्रयापासून सुरुवात करतात, आणि ते रास्तच आहे. कोल्हापूरचे शाहू छत्रपती १८९४ साली गादीवर आले आणि १९२२ साली निवर्तले. या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी तालमींना जे दिले ते दुसऱ्या कोणत्या संस्थानिकाने क्वचितच दिले असेल. १९०२ साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले होते. त्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले, आणि तसेच वर्तुळाकार मैदान आपल्याकडे असावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्यातून खासबागचे मैदान उभे राहिले. ते १९१२ साली पुरे झाले. मध्यभागी हौदा आणि भोवती वर चढत जाणारी बैठक. अगदी शेवटच्या रांगेत बसलेल्या शेतकऱ्यालाही पहिलवानाची पाठ मातीला लागली की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसावे, अशी ती योजना. महाराजांनी पहिलवान तर पोसलेच. पण त्यांनी बघणाऱ्याची सोय केली, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

तिकडे उत्तरेत गामा पहिलवानाला पतियाळाच्या दरबाराचा आधार होता. १९१० साली गामा लंडनला गेला. पोलंडचा झिबिस्को त्याच्यासमोर तासन्‌तास जमिनीला चिकटून बसला आणि कुस्ती निकालाविना राहिली. १९२८ साली हीच जोड पतियाळाला पुन्हा लागली. त्या वेळी गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. लोकांच्या तोंडी राहिली ती ही दुसरी कुस्ती. प्रेक्षकाला निकाल हवा असतो, आणि तोही आपल्या डोळ्यांना पटणारा.

आमच्या जालना भागाची तऱ्हा वेगळी. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथे कोल्हापूरसारखा छत्रपतींचा हात पाठीवर नव्हता. ज्या समर्थ रामदासांनी मारुतीची उपासना गावोगाव रुजवली, ते मात्र आमच्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. मारुतीचे देऊळ, त्याच्या शेजारी पत्र्याची तालीम, आणि वर्षातून एकदा जत्रेचा फड, एवढ्यावर इथली कुस्ती जगली. ती राजाश्रयावर उभी नव्हती, ती लोकाश्रयावर उभी होती. म्हणूनच "माणूस राहील का" हा प्रश्न आम्हाला अधिक बोचतो.

जत्रेतला फड ज्यांनी पाहिला असेल त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिला नसेल, विशेषतः शहरात वाढलेल्या मुलांनी, त्यांच्यासाठी सांगतो. दुपार कलली की हलगी कडाडू लागते. नांगरून, ढेकळे फोडून मऊ केलेल्या मातीभोवती माणसे गोल बसतात. झाडावर पोरे, बैलगाड्यांच्या आणि आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर पाहुणे. सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी. सात-आठ वर्षांची पोरे लंगोट सावरीत मातीत उतरतात. जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या पडतात, हरणाऱ्याच्याही ओंजळीत थोड्या पडतात. मग नारळाची कुस्ती, मग दहा रुपयांची, पन्नासाची, शंभराची. रक्कम चढत जाते तशी अंगेही भरदार होत जातात. दिवस मावळताना शेवटची मानाची कुस्ती. ती जो मारील त्याला फेटा बांधून गावातून मिरवतात.

या सगळ्यात एक मर्म आहे. शेवटच्या कुस्तीला टाळ्या वाजवणारा माणूस दुपारी रेवड्यांच्या कुस्तीला आलेला असतो, कारण तिथे त्याचा नातू लढत असतो. मधल्या कुस्तीतला पहिलवान त्याच्या मेहुण्याच्या गावचा असतो. पट कसा काढावा, ढाक कशी मारावी, हे त्यानेही लहानपणी थोडेफार केलेले असते. म्हणजे तो नुसता बघ्या नसतो, जाणता असतो. हौद्यात दोन पहिलवान असतात. हौद्याभोवती बसलेला हा माणूस तिसरा. तो उठून गेला की पहिल्या दोघांच्या कुस्तीला अर्थ उरत नाही.

मग तो उठून गेला कशाने? "टीव्हीने," असे कोणीही पटकन म्हणेल. मीही तसेच म्हणत होतो. परंतु हाच आजार दुसऱ्या एका मर्दानी खेळाला, आपल्याही आधी, फार मोठ्या प्रमाणावर जडला होता. त्याची हकीकत वाचल्यावर माझे मत थोडे बदलले. तो खेळ म्हणजे अमेरिकेतले धंदेवाईक मुष्टियुद्ध, ज्याला आपण बॉक्सिंग म्हणतो. वाचकांनी थोडा वेळ माझ्याबरोबर सातासमुद्रापलीकडे यावे. परत जालन्यालाच यायचे आहे.

दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकेत घरोघरी टीव्ही येऊ लागला. तेव्हाचा पडदा वीतभर आणि कॅमेरे अवजड. बेसबॉलचे अफाट मैदान त्या पडद्यावर मावेना. मुष्टियुद्धाची रिंगण मात्र लहान, त्यावर लखलखीत दिवे, आणि लढणारे दोघेच. एक कॅमेरा रोखून ठेवला की झाले. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिटाची विश्रांती, म्हणजे जाहिरातीला आयतीच जागा. जिलेट या दाढीच्या पात्यांच्या कंपनीने शुक्रवारची रात्र धरली, एका बिअरच्या कंपनीने बुधवारची. १९५० च्या आसपास तिथल्या माणसाला आठवड्यातून अनेक रात्री घरबसल्या, फुकट, नामांकित मुष्टियोद्धे दिसू लागले. या खेळाचे सोन्याचे दिवस आले, असे कोणालाही वाटावे.

पण इथेच पहिली वाळवी लागली. शहराशहरांतून, पेठापेठांतून मुष्टियुद्धाचे छोटे आखाडे होते. आपल्या जत्रेच्या फडासारखेच ते. नवखा पोरगा तिथे चार फेऱ्या लढे, मग सहा, मग आठ. हरे, शिके, पुन्हा उभा राही. त्याच गल्लीतली माणसे तिकीट काढून त्याला बघायला येत. घरी फुकट मोठा सामना दिसत असता पावसात भिजत गल्लीतला पोरगा बघायला कोण जाणार? आखाडे एकामागून एक बंद पडले. न्यूयॉर्कचा सेंट निकोलस अरीना हा जुना प्रसिद्ध आखाडा १९६२ साली थांबला. आखाडे गेले म्हणजे शिकण्याची जागा गेली. टीव्हीला मात्र दर आठवड्याला नवे चेहरे हवे होते. मग कच्ची पोरे वेळेआधी दिव्यांपुढे उभी केली गेली. पडद्यावर एकदा मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्याला जाहिरातदार पुन्हा विचारीत नसत. रेवड्यांच्या कुस्तीतून एकदम शेवटच्या कुस्तीत पोराला ढकलावे आणि तो पडला की गावाबाहेर काढावे, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी वाळवी संशयाची. १९६० साली अमेरिकी सिनेटपुढे या खेळातल्या गुंडांच्या वर्चस्वाची चौकशी झाली. जेक लामोटा या माजी जगज्जेत्याने शपथेवर सांगितले की १९४७ सालची बिली फॉक्सबरोबरची लढत आपण मुद्दाम हरलो होतो. जे लोक रात्र जागवून सामने पाहत होते त्यांना आपण फसवले गेलो असे वाटले, यात नवल नाही. त्याच वर्षी एनबीसी या मोठ्या वाहिनीने आपले शुक्रवारचे सामने बंद केले. दुसऱ्या वाहिनीने ते १९६४ पर्यंत कसेबसे रेटले.

तिसरी गोष्ट सांगताना हात आखडतो, तरी सांगायला हवी. २४ मार्च १९६२ च्या रात्री एमिल ग्रिफिथ आणि क्यूबाचा बेनी पॅरेट यांची लढत न्यूयॉर्कहून घरोघर दिसत होती. बाराव्या फेरीत पॅरेट कोपऱ्यात अडकला आणि दोरांवर लटकल्यासारखा ठोसे खात राहिला. पंचाने लढत थांबवायला उशीर केला. ३ एप्रिलला पॅरेट वारला. आखाड्यात जाणाऱ्या माणसाला या खेळातला धोका ठाऊक असतो, तो मनाची तयारी करून जातो. परंतु इथे हे दृश्य बैठकीच्या खोलीत, बायकामुलांच्या समोर घडले. पुढे १९८२ सालच्या नोव्हेंबरात दक्षिण कोरियाचा किम डुक-कू हा तरुण असाच टीव्हीवरच्या लढतीनंतर दगावला. त्यानंतर जागतिक लढती पंधरा फेऱ्यांऐवजी बारा फेऱ्यांच्या झाल्या. पण घरातल्या आईने एकदा "बंद करा ते" म्हटले की नियम बदलून ती पुन्हा बसत नाही.

यावर कोणी विचारील, मग महंमद अलीचे काय? अलीसारखा माणूस शतकात एखादा. त्याने जगाला वेड लावले हे खरे. परंतु त्याच्या मोठ्या लढतींचे काय झाले पाहा. ८ मार्च १९७१ ला अली आणि फ्रेझर यांची गाठ पडली तेव्हा दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले, आणि अमेरिकेत ती लढत पाहायची तर चित्रगृहात तिकीट काढावे लागले. घरच्या टीव्हीवर ती नव्हती. १९७३ पासून एचबीओ ही वर्गणी भरून मिळणारी वाहिनी मुष्टियुद्ध दाखवू लागली. अधूनमधून फुकट सामने दिसत राहिले, पण मोठी लढत म्हणजे स्वतंत्र पैसे मोजून पाहायची वस्तू, हा रिवाज पडला. २ मे २०१५ ला मेवेदर आणि पॅकियाव लढले तेव्हा अमेरिकेत सुमारे ४६ लाख घरांनी प्रत्येकी नव्वद ते शंभर डॉलर मोजले. धंदा विक्रमी झाला. पण ज्या घरांनी पैसे मोजले नाहीत, त्या घरांतल्या पोरांना हे दोघे कोण, हे कळले तरी का? आधी फुकट दाखवून छोटा आखाडा मारला, आणि मग दाराला कुलूप लावून मोठा प्रेक्षक बाहेर ठेवला.

त्यात भर पडली किताबांची. शंभर वर्षांपूर्वी मुष्टियुद्धात आठ वजनगट होते आणि प्रत्येकाचा एक जगज्जेता. आज वजनगट सतरा आणि किताब देणाऱ्या प्रमुख संस्था चार. सतरा चोक अडुसष्ट. अडुसष्ट पट्ट्यांचे जगज्जेते कोण लक्षात ठेवणार? खरा मल्ल कोण, हे सांगायला वकील लागत असेल तर प्रेक्षक वाट बघत बसत नाही. तो क्रिकेट लावतो.

असो. आता घरी परतू.

आपल्याकडेही राजाश्रय गेला. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पण कुस्ती लगेच ओसरली नाही, हे ध्यानात घ्यावे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकात कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांना तिथवर पाठवायला सामान्य लोकांनी वर्गणी काढली, त्यांच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवले. राजा गेला तेव्हा लोकच राजे झाले. १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने कुस्तीगीर परिषद स्थापन झाली, आणि १९६१ साली पहिला 'महाराष्ट्र केसरी' किताब दिनकर दह्यारी यांनी पटकावला. ती स्पर्धा भरली होती औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. जालना त्या वेळी त्याच जिल्ह्यात होते. आमचा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ चा. तेव्हा या किताबाचा पाळणा आमच्या अंगणात हलला, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

मुंबईत त्याच सुमारास दारासिंग आणि किंगकाँग यांच्या 'फ्रीस्टाइल' कुस्त्यांनी गर्दी खेचली. २९ मे १९६८ ला दारासिंगने मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवले, तेव्हा त्याचे नाव घराघरात पोहोचले. पण या खेळाबरोबर एक शब्दही बाजारात आला, 'नुरा कुस्ती', म्हणजे आधी ठरवून लढलेली. आपल्या मातीतल्या कुस्तीलाही त्याचे शिंतोडे उडाले. जत्रेत दोन नामवंत पहिलवान अर्धा तास खडाखडी करून बरोबरीत सुटले आणि पाकिटे घेऊन गाडीत बसले, की वळचणीला बसलेला म्हातारा माती झटकीत "नुरा होती" एवढेच म्हणे. एक शब्द, पण तो दहा माणसे कमी करीत असे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. आमच्या खेड्यात पडदा दिसायला आणखी पंधरा वर्षे गेली. १९८७ साली मी लहान होतो. गावात एकच टीव्ही, आणि रविवारी सकाळी 'रामायण' पाहायला त्या घरापुढे चपलांचा ढीग पडे. १९८३ चा विश्वचषक जिंकल्यापासून क्रिकेटने पोरांना पछाडलेच होते. पुढे तारेवरच्या वाहिन्या आल्या आणि रंगीत चड्ड्या घातलेले परदेशी राक्षस एकमेकांच्या अंगावर खुर्च्या फेकताना दिसू लागले. माझ्या वर्गमित्रांना त्यांची नावे पाठ होती. शेजारच्या गावच्या पहिलवानाचे नाव ठाऊक नव्हते. पण एक सांगतो: जत्रेचा फड त्या वर्षांतही भरत होता. तो पहिल्यांदा खरा ओस पडला तो २०१३ सालच्या दुष्काळात, जेव्हा जालन्याला प्यायला पाणी नव्हते. दावणीची म्हैस छावणीत गेली, की पोराचे दूध जाते. दूध गेले, की तालीम सुटते. त्या वर्षी सुटलेली काही पोरे पुन्हा तालमीत दिसलीच नाहीत. पडद्याला दोष देताना आपण दावण विसरतो.

मातीकडून गादीकडे जाण्यात आणखी एक अडचण झाली. ऑलिंपिक गादीवर होते, तेव्हा गादीला पर्याय नाही. खाशाबांनाही लंडनच्या १९४८ च्या स्पर्धेत पहिल्यांदा गादीचा सामना करावा लागला आणि ते सहावे आले, तेही कौतुकास्पदच. परंतु गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि गुण मोजतात. पाठ न लागताही कुस्ती संपते. २०१८ सालच्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरी स्पर्धा आमच्या जालन्यात भरली. मी वर्गातली काही पोरे घेऊन गेलो होतो. शेवटची कुस्ती आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी अभिजित कटके आणि बुलढाण्याकडून उतरलेला बाला रफिक शेख यांच्यात झाली. बाला रफिकने ती ११ विरुद्ध ३ गुणांनी जिंकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी बसलेल्या पागोटेवाल्या बाबांनी मात्र मला हळूच विचारले, "मास्तर, पाठ कवा लागली?" पाठ लागलीच नव्हती, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण त्यांच्या तोंडावर थोडी हुरहुर राहिली. आयुष्यभर जो खेळ त्यांना कोणी समजावून सांगावा लागला नव्हता, तो आता मास्तरांनी समजावून सांगावा लागत होता.

त्याच डिसेंबरात एक योगायोग घडला होता, तो मला पुष्कळ नंतर कळला. अमेरिकेत एचबीओने पंचेचाळीस वर्षांनंतर मुष्टियुद्ध दाखवणे कायमचे थांबवले. त्यांचा अखेरचा सामना ८ डिसेंबर २०१८ चा. आमच्या जालन्याची अखेरची कुस्ती २३ डिसेंबरची. तिकडे गडगंज पैशाच्या वाहिनीला या खेळासाठी पुरेसा प्रेक्षक सापडेना, आणि इकडे दुष्काळी मुलखातली माणसे थंडीत घोंगड्या पांघरून शेवटच्या कुस्तीसाठी थांबली होती. यात फुशारकी मारण्यासारखे काही नाही. पण आपल्याकडे अजून काय शिल्लक आहे, हे यावरून कळते.

मात्र मुष्टियुद्धाची चूक आपण नेमकी गिरवायला घेतली आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. संघटनांचे तंटे झाले आणि २०२३ सालच्या नोव्हेंबरात 'महाराष्ट्र केसरी' दोन ठिकाणी भरला: पुणे जिल्ह्यात फुलगावला एक, धाराशिवला दुसरा. एका ठिकाणी सिकंदर शेख जिंकला, दुसऱ्या ठिकाणी शिवराज राक्षे. २०२५ सालीही तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. पहिलवानांचा यात दोष नाही. त्यांनी घाम गाळला आणि गदा घेतली. पण वर्गात मी विचारले, "यंदाचा महाराष्ट्र केसरी कोण?" तर दोन हात वर झाले आणि दोन नावे आली. दोन्ही बरोबर! ज्या प्रश्नाची दोन बरोबर उत्तरे असतात तो प्रश्न पोरे पुढच्या वर्षी सोडून देतात, हा मास्तरकीतला माझा अनुभव आहे.

तेव्हा दोष निव्वळ टीव्हीचा, असे मला म्हणवत नाही. कबड्डी हाही मातीतलाच खेळ. २०१४ साली तिची व्यावसायिक लीग टीव्हीवर आली आणि आजीपासून नातवापर्यंत सगळी घरे पाहू लागली. ती चढाई अर्ध्या मिनिटाची, बाद कोण झाला ते लगेच दिसते, आणि शाळाशाळांच्या मैदानांवर कबड्डी चालूच राहिली. पडदा हा पाण्यासारखा आहे. मुळे असलेल्या झाडाला तो वाढवतो, आणि मुळे उपटून ठेवलेल्या झाडाला कुजवतो. आपल्या घरातल्या लेकीही आता लंगोट नव्हे तर कुस्तीचा पोशाख करून उतरू लागल्या आहेत. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. म्हणजे हौद्याभोवतीच्या वर्तुळाचा जो अर्धा भाग आजवर रिकामा होता, तो भरण्याची वेळ आली आहे. जत्रेत बायकांनी लांबून, देवळाच्या पायरीवरून कुस्ती पाहायची, हा रिवाज माझ्या आईपर्यंत चालला. माझ्या मुलीने तो मोडला याचे मला समाधान आहे.

नवरात्र संपल्यावर मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. ते नुकतेच पाळीवरून आले होते. मी त्यांना ही सारी कथा सांगितली नाही. त्यांना झोप हवी होती. एवढेच म्हणालो, "दहा वर्षांनी टीव्हीवर माणूस असेल का, मला ठाऊक नाही. पण आपल्या गावच्या जत्रेत असावा, एवढं आपल्या हातात आहे. तेवढं आपण केलं, तर पोराला धाडायला हरकत नाही. मात्र दहावीची परीक्षा त्यानं द्यायची."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "यंदा जत्रेत कुस्त्यांच्या जागी मोठा पडदा लावून गाण्यांचा कार्यक्रम करायचं पंच म्हणत होते."

"मी उद्या पंचांकडं जातो," मी म्हणालो.

"मी बी येतो, मास्तर," ते म्हणाले. "पाळी बदलून घेतो."

आम्ही दोघे गेलो. वाद बराच झाला. गाण्यांचा कार्यक्रम रात्रीचा ठरला आणि दुपार कुस्त्यांना मिळाली. रेवड्यांची वर्गणी माझ्याकडे लागली आहे. येत्या चैत्रात पाच किलो रेवड्या घेऊन मी हौद्याच्या काठावर बसणार आहे, आणि भोवताली किती माणसे बसली ते मोजणार आहे.